कोठारातला झिल

ॲन आर्बर

ॲन आर्बरहून नाइल्स हे गाव आगगाडीने पावणेतीन तासांवर आहे. तेवढ्या प्रवासासाठी मी दोन महिने मनाची तयारी करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धाडसी वगैरे म्हणायला नको. वय एकोणसत्तर, इंग्रजी जेमतेम, गुडघे कुरकुरणारे, आणि एकटीने जायचं कशाला, तर एक ट्रक बघायला. मुलांकडे आलेल्या इतर आया धबधबे बघतात, देवळं बघतात, निदान सेल तरी बघतात.

पिंपरीच्या एका ट्रक कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली. लागले ती ट्रेसर म्हणून. डिझायनर लोक पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे, आम्ही मुली त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून तेच शाईने पुन्हा काढायचो. आपल्या डोक्यातलं काही घालायचं नाही आणि समोरचं काही सोडायचं नाही, हा आमचा धर्म. पुढे कॉम्प्युटर आले आणि आमची जमातच संपली. मला ड्रॉइंग तपासायला बसवलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या टेबलावर एका रशियन ट्रकच्या ड्रॉइंगचा फाटका गठ्ठा आला. झिल-१३० हे ट्रकचं नाव. गठ्ठा कुठून आला, कशासाठी, हे आम्हाला कोण सांगणार? जीर्ण प्रती स्वच्छ काढायच्या, एवढाच हुकूम. केबिनचा सांगाडा, दारं, बॉनेट, रेडिएटरपुढच्या झडपा. आठ महिने मी तो ट्रक काढत होते. अक्षरं कळत नव्हती म्हणून तीही चित्रासारखी काढली. एका कोपऱ्यात सही होती, ती वळणासकट उतरवली. आमचे दाते साहेब थोडं रशियन शिकलेले होते. त्यांनी कागद पाहिला आणि हसतच सुटले. ती सही तिकडच्या ट्रेसरची होती, आणि आडनावावरून बाईच होती म्हणे. माझ्या नावाच्या जागी मी मॉस्कोतल्या कुणा बाईचं नाव घालून मोकळी झाले होते. या महिन्याचा पगारही त्यांनाच पाठवू का, असं साहेबांनी विचारलं. मी दोन दिवस मान वर केली नाही.

तर ज्याचं हाड न् हाड काढलं तो ट्रक मी जन्मात कधी पाहिला नव्हता.

माझी मुलगी केतकी गेली चौदा वर्षं अमेरिकेत आहे. कॉम्प्युटरचं काम करते. तीन वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला, त्यावर आम्ही बोलत नाही. सकाळी आठला ती गाडी काढते, संध्याकाळी सहाला येते, ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवते आणि पुन्हा लॅपटॉप उघडते. मधले दहा तास माझे. घर उबदार आहे, फ्रीज भरलेला आहे, आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर माणूस नाही. हिरवळ कापलेली, गाड्या लावलेल्या, दारं बंद. आपल्याकडे दुपारी निदान बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी द्यायला येते, तिच्याशी भांडता तरी येतं. इथे टपालाची गाडी येऊन गेली की दिवसाची वर्दळ संपली.

केतकीने माझ्या ग्रीन कार्डाचे कागद भरून ठेवले होते. मी फक्त सही करायची होती. सोमवारी ते वकिलाकडे जायचे होते. सही केली तर मी इथली झाले, नाही केली तर नोव्हेंबरात पुण्याला, माझ्या दोन खोल्यांत. विधवा आईला एकटं कसं ठेवायचं, या काळजीपोटी ती हे करते आहे अशी माझी पक्की खात्री होती, आणि कुणाची काळजी होऊन राहणं मला जमत नाही. तरी नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

झिल मला सापडला पायी जाण्याजोग्या अंतरावरच्या वाचनालयात. तिथे कॉम्प्युटरवर जुन्या ट्रकांच्या हौशी लोकांचं एक पान बघत बसले होते, आणि फोटोत तो उभा. निळी केबिन, पांढरं तोंड. मी ओरडलेच. शेजारचा विद्यार्थी दचकला. मालकाचं नाव हॅरॉल्ड, राहणार नाइल्सजवळ. शब्दकोश घेऊन त्याला मेल लिहिला. त्याच दिवशी उत्तर आलं: ट्रक चालतो, झडपा चालत नाहीत, जरूर या.

"आई, नेक्स्ट मंथ मी तुला ड्राइव्ह करून नेते ना," दोन महिन्यांनी मी जायचं ठरवलं तेव्हा केतकी म्हणाली. "या वीकला माझं रिलीज आहे."

रिलीज म्हणजे तिचं काम लोकांच्या हाती द्यायची तारीख. पुढचा महिना माझा होता की नाही हेच ठरायचं होतं. मी तिला म्हटलं, तिकीट काढून दे, मी जाईन.

गुरुवार

ऑक्टोबर होता. झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली होती, आणि मक्याची शेतं वाळून उभी होती. खिडकीतून मैलोन् मैल तेच. शेत आहे पण शेतात माणूस नाही, बांधावर झाड नाही, झाडाखाली डबा सोडून बसलेलं कुणी नाही. मी माझा डबा सोडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्या बाईंना विचारलं, घेणार का? त्या गोड हसल्या आणि नको म्हणाल्या. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे हो असतं, म्हणून मी पुन्हा विचारलं. मग त्या जरा घाबरल्या. मी डबा मिटला.

नाइल्स आलं तेव्हा मी दारापाशी तयार उभी होते, पण ते दार उघडेचना. इथे छोट्या स्टेशनावर सगळी दारं उघडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कंडक्टरने लांबून हात केला आणि मी बॅग ओढत दोन डबे पळाले. उतरले तेव्हा धाप लागली होती आणि डब्यातल्या चटणीचं तेल पिशवीला लागलं होतं. स्टेशन मात्र देखणं, दगडी, मनोरा असलेलं. त्याच्याखाली एक उंच म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. तोच हॅरॉल्ड. ऐंशीचा तरी असेल. कानात ऐकायचं यंत्र. माझ्या बॅगेला हात लावू का, असं त्याने विचारलं. हा माणूस प्रत्येक गोष्ट विचारून करतो, हे पुढे तीन दिवस पाहिलं. दार उघडू का, खिडकी लावू का, इथे बसू का, स्वतःच्याच घरात.

हॅरॉल्डने जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. मूलबाळ नाही. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्याने हा ट्रक हंगेरीतल्या एका माणसाकडून घेतला आणि बोटीने आणवला. हाच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, पूर्ण व्हायला माझ्या उरलेल्या आयुष्याहून जास्त वेळ लागेल असं काहीतरी हवं होतं. मग त्याने कानातलं यंत्र नीट केलं.

त्याच्या घरामागच्या कोठाराचं दार त्याने बाजूला सारलं आणि झिल समोर आला.

मला वाटलं होतं, आपण जवळ जाऊ, हात लावू, डोळ्यांत पाणी येईल. तसलं काही झालं नाही. पहिला विचार आला तो असा, की हा केवढा मोठा आहे. माझ्या टेबलावर तो एकास दहाच्या प्रमाणात होता. आठ महिने मी त्याला माझ्या वितीत मोजलं होतं, आणि आता त्याच्या मडगार्डाची कड माझ्या छातीला लागत होती. मी दाराची बिजागरी शोधली. होती. पायरीचा वळलेला पत्रा शोधला. तोही होता, तिथेच. एखाद्याशी वर्षानुवर्षं पत्रांतून बोलावं आणि मग तो समोर यावा, तसं मला अवघडल्यासारखं झालं.

वाचकहो, या ट्रकची कुळकथा थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई निळ्या पत्र्यासाठी एवढ्या लांब गेल्या. महायुद्धात अमेरिकेने रशियाला ढिगाने ट्रक पाठवले. त्यातले कितीतरी नाइल्सपासून अर्ध्या तासावर, साउथ बेंड गावात बनलेले. युद्धानंतरच्या रशियन ट्रकांच्या तोंडावर त्या पाहुण्यांची छाप स्पष्ट दिसते. पन्नासच्या दशकात मॉस्कोच्या कारखान्यात नवा ट्रक आखायला घेतला. आधी सहा सिलिंडरचं इंजिन बसवून पाहिलं, ताकद कमी पडली, मग आठाचं केलं. पुढची काच कोपऱ्यांपर्यंत वळवली. तशी काच अमेरिकेत तेव्हा मोटारींची नखरेल फॅशन होती. या ट्रकला ती ड्रायव्हरला कोपरा दिसावा म्हणून बसली, असं मला तरी वाटतं. स्टिअरिंग वळवायला यंत्राची मदत दिली. वायपर ब्रेकच्या हवेवर चालतात, काच पुसताना फुस फुस करतात. पुढे सत्तरच्या दशकात तोंडाची जाळी बदलली आणि मोठे दिवे न् छोटे दिवे यांनी जागा बदलल्या. जाणकार तेवढ्यावरून ट्रकचं वय ओळखतात.

पण खरं डिझाइन थंडीत आहे. बंपरला भोक आहे, बॅटरी गारठली तर लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायला. आणि रेडिएटरपुढे पत्र्याच्या झडपा आहेत. केबिनमधली मूठ ओढली की त्या मिटतात, वारा आत शिरत नाही आणि इंजिन ऊब धरतं. ट्रकने शाल ओढून घ्यावी तशी सोय. आज मॉस्कोतला तो कारखाना बंद आहे आणि त्या जागी राहत्या इमारती उठल्या आहेत. हा एक झिल इथे मक्याच्या शेतात उभा आहे. आसपास त्याच्या जातीचा दुसरा नाही, त्याचा नट मिळत नाही, आणि त्याची पाटी वाचणारं कुणी नाही. मला त्याची कणव आली, आणि कणव नक्की कुणाची येते आहे हेही कळलं. मोटेलच्या खोलीवर जाऊन मी थंड दशमी खाल्ली आणि लवकर झोपले.

शुक्रवार

हॅरॉल्डच्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन लोखंडी ब्रॅकेट होती. मूठ ते झडपा असा जो दांडा जातो, तो ज्या कोनावर बसतो तो कोन. मूळचा गंजून गेलेला. हंगेरीच्या माणसाने ड्रॉइंग पाठवलं होतं, त्यावरून शेजारच्या मशीन शॉपवाल्याने दोनदा कोन करून दिला. दोन्ही बसत नव्हते. हॅरॉल्डने शांतपणे सांगितलं की रशियन ड्रॉइंगच चुकीचं आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो कागद मी ट्रेस केला होता की नाही ते आता आठवत नाही, पण त्याची जातकुळी माझ्या हातातली होती. मी चष्मा लावला आणि तासभर एक-एक माप पडताळलं. मापं सगळी बरोबर. मशीन शॉपवाल्याने कामही सुरेख केलं होतं. मग कोन हातात घेऊन कोठारात गेले, जागेवर धरून पाहिला, आणि मला हसू फुटलं. उजव्या पायात डावी चप्पल घालायला बघावं, तसं झालं होतं. कोन उलटा होता, आरशातल्यासारखा.

झालं होतं ते असं. आपल्याकडे आणि रशियातही, वस्तू डावीकडून पाहिली की जे दिसतं ते कागदावर उजवीकडे काढतात, मागच्या भिंतीवर सावली पडते तसं. अमेरिकेत डावीकडून पाहिलेलं डावीकडेच काढतात. दोन्ही रीती बरोबर, फक्त आपण कुठल्या रीतीत आहोत ते ठाऊक हवं. रशियन माणसाने कागदावर ते लिहिलं नव्हतं, कारण त्याच्या देशात ते लिहायची गरजच नव्हती. अमेरिकन माणसाने विचारलं नव्हतं, कारण त्याच्याही देशात गरज नव्हती. हॅरॉल्डला मी मिठाची बाटली आणि भिंत घेऊन हे समजावलं. समजल्यावर त्याने दोन्ही कोनांकडे पाहिलं आणि यंत्र काढून कान चोळला.

मग मी त्याच्याकडून कागद, पट्टी, गुण्या मागून घेतला आणि कोन नव्याने काढला, त्यांच्या रीतीने. तीन तास लागले. रेघ पहिल्यासारखी येत नाही. पण इथे आल्यापासूनच्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच, त्या तीन तासांत मी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. दुपारी त्याने टोमॅटोचं सार आणि चीज घालून भाजलेला पाव दिला. साराला चव नव्हती, मी चटणी घातली, त्याने विचारून त्याच्याही वाटीत घालून घेतली आणि डोळे पुसत संपवली. नंतर त्या भागातला दुधा-साखरेचा पाय खाल्ला. पाय म्हणजे गोड सारण भरलेली पारी. सारण थेट बासुंदीसारखं लागलं. वेलची असती तर मी तिसरा तुकडा घेतला असता.

पाच वाजता मोटेलवर परतले, तर दारापुढे केतकीची गाडी. ती गाडीतच बसली होती. मी रविवारी आगगाडीने परतणार होते, तिने न्यायला यायचं काही ठरलं नव्हतं. रिलीजचं काय झालं, असं मी विचारलं. झालं, ट्रॅफिक नव्हतं म्हणून आले, एवढंच ती म्हणाली. माझ्यावर पाळत ठेवायला आली, असं मी मनात धरलं. रात्री तिने माझ्याच खोलीत, माझ्याच पांघरुणाचं टोक घेऊन झोप काढली.

शनिवार

माझ्या ड्रॉइंगवरून मशीन शॉपवाल्याने सकाळीच तिसरा कोन आणून दिला. बसला. हॅरॉल्ड केबिनमध्ये चढला आणि त्याने मूठ ओढली. झडपा मिटल्या. ढकलली, उघडल्या. असं त्याने दहा-बारा वेळा केलं. नंतर तो तसाच हात मुठीवर ठेवून बसून राहिला, आणि मला एकदम वाटलं की आपण हे काय करून बसलो. हे शेवटचं काम होतं का, असं मी विचारलं. त्याने थोडा विचार केला आणि हॉर्नही नीट वाजत नाही, असं घाईने सांगितलं. मला हायसं वाटलं.

इंजिन सुरू झालं. मोठा, जाड, संथ आवाज. झिलमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा असते. केतकी मध्ये बसली, मी दाराशी. मक्याच्या शेतांमधून चौरस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एवढाच माझा झिलमधला प्रवास. त्या वळत्या काचेतून रस्त्याचा कोपरा खरंच दिसतो. हॅरॉल्डने निघताना माझा हात हातात घेऊ का विचारलं. त्याला वाकून नमस्कार करायला लावावा एवढी मी मोठी नाही, म्हणून मीच केला.

परतीच्या हायवेवर मी एकदाचं तोंड उघडलं. म्हटलं, केतकी, सोमवारी कागद पाठवू नकोस. मी नोव्हेंबरात जाते.

 मग तिने विचारलं, तिथे तुझं कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. पण तिथे मी एकटी असते तेव्हा नुसती एकटी असते. इथे आठपासून सहापर्यंत मी वाट बघत असते. आणि तुझ्यावर माझा भार नको. तू माझी काळजी सोड.

तिने गाडी बाजूच्या विश्रांतीच्या थांब्यावर घेतली आणि उभी केली. हात स्टिअरिंगवरच.

"आई, तुला वाटतंय मी ते फॉर्म तुझ्यासाठी भरले?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"तू यायच्या आधी मी ऑफिसमधून रात्री आठ-आठला निघायचे. काम नसायचं गं. घरी जाऊन काय करणार? तू आल्यापासून सहाला येते. वळणावरून लाइट दिसतो." ती थांबली. "थर्सडेला तू गेलीस, मी सहाला आले आणि गॅरेजमध्येच बसून राहिले. आत जाववेना. म्हणून काल काम अर्धं टाकून आले. मला तू हवी आहेस, यार. एवढंच."

आईला यार म्हणतात का, हे मी तिला एरवी सुनावलं असतं.  इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधून पोट भरलं, आणि माझ्या मुलीला मी पाच महिने उलटं वाचलं. तिची घाई म्हणून मी जे पाहत होते, ती जेवताना ज्याच्यासमोर बसायला कुणी नव्हतं अशा माणसाला जडलेली सवय होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. ती रडली, मग मीही रडले. बाहेर एक कुटुंब कुत्र्याला फिरवत होतं, त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी मी सह्या केल्या. मला इथे करमू लागलं आहे, असं खोटं सांगणार नाही. दुपारचा रस्ता तसाच रिकामा असतो, टपालाची गाडी येऊन जाते, आणि मी आठ ते सहा वाट बघते. आता एवढंच ठाऊक झालं आहे की तिकडे ऑफिसात बसून केतकीही सहा वाजायची वाट बघत असते.